परीक्षा ‘टेक’ करायची की ‘गिव्ह’? एका इंग्रजी क्रियापदाची पायरीपायरीनं ओळख

कराडला मी मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग घेते. दिवसभराची कामं उरकून साडेसहाला येणारी मंडळी असतात. दोन-तीन नर्स, एक रिक्षावाले काका, कापडाच्या दुकानातला एक मुलगा, आणि मुलाकडे परदेशी जायची तयारी करणारं एक निवृत्त जोडपं. गेल्या पावसाळ्यात यातल्या एका नर्सची इंग्लंडमधल्या रुग्णालयासाठी ऑनलाइन मुलाखत होती. बोलता बोलता ती म्हणाली, ‘आय गेव्ह माय एक्झाम इन मार्च.’ समोरच्या बाईंनी कौतुकानं विचारलं, ‘ओह, सो यू टीच ॲज वेल?’ म्हणजे, अरे वा, तुम्ही शिकवतासुद्धा? हिला कळेना, शिकवायचा विषय मध्येच कुठून आला. त्या गोंधळात पुढची दोन उत्तरंही अडखळली.

तिचं इंग्रजी कच्चं नाही. ती मराठीतून बरोबर विचार करत होती, एवढंच. आपल्याकडे शिक्षक परीक्षा घेतात आणि विद्यार्थी परीक्षा देतो. इंग्रजीत शिक्षक परीक्षा देतात आणि विद्यार्थी ती घेतो. दिशा बरोबर उलटी. मी वर्गात ते असं समजावते: इंग्रजीच्या डोळ्यांसमोर प्रश्नपत्रिका आहे, ती शिक्षकाच्या हातून विद्यार्थ्याच्या हातात येते. मराठीच्या डोळ्यांसमोर उत्तरं आहेत, ती विद्यार्थ्याकडून शिक्षकाकडे जातात. म्हणून परीक्षा दिलेल्या माणसानं म्हणायचं, ‘आय टुक द एक्झाम.’ ब्रिटिश लोक ‘आय सॅट द एक्झाम’ असंही म्हणतात, म्हणजे परीक्षेला बसलो. ते तर आपल्या मराठीसारखंच झालं.

त्या दिवसापासून मी ‘टेक’ हे क्रियापद वर्गात वेगळं काढून शिकवायला लागले. शाळेत आपल्याला ‘टेक म्हणजे घेणे’ एवढंच पाठ करून घेतलं जातं. महाराष्ट्रात 2000 सालापासून सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी आम्ही पाचवीत सुरुवात केली. पण ही जोडी दोन्ही पिढ्यांच्या डोक्यात सारखीच घट्ट बसलेली मला दिसते. खरं पाहता ‘टेक’चं काम मराठीत पाच-सहा क्रियापदं वाटून घेतात: घेणे, नेणे, लागणे, काढणे, देणे, करणे. आणि आपल्या ‘घेणे’चं काम इंग्रजीतही अनेक क्रियापदांत वाटलेलं आहे. म्हणून मी इंग्रजी अर्थांची यादी देत नाही. आपल्या मराठी क्रियापदांच्या वाटेनं जाऊ, म्हणजे बोलताना नेमकं कुठं पाय घसरतो ते कळेल. एका वहीची डावी-उजवी पानं यासाठी मोकळी ठेवा.

पायरी पहिली: तिन्ही रूपं तोंडात बसवा

टेक, टुक, टेकन. आजचं आणि रोजचं सांगताना ‘टेक’, कालचं सांगताना ‘टुक’, आणि हॅव, हॅज, हॅड, इज, वॉज यांच्या मागे ‘टेकन’. ‘टुक’ मधला उकार ऱ्हस्व आहे, ‘बुक’ मध्ये असतो तसा.

इथं दोन चुका मी रोज ऐकते. पहिली, ‘डिड यू टुक द टॅब्लेट?’ भूतकाळ ‘डिड’नं एकदा सांगून झाला, तो पुन्हा सांगायचा नाही. ‘डिड यू टेक द टॅब्लेट?’ हे बरोबर. दुसरी, ‘आय हॅव टुक’. ‘हॅव’ आलं की पाठोपाठ ‘टेकन’ आलंच पाहिजे: ‘आय हॅव टेकन द टॅब्लेट.’

‘टेकन’ शिकवताना मी रेल्वेचा डबा डोळ्यांसमोर आणायला सांगते. कोयना एक्सप्रेसमध्ये रिकामी जागा दिसते, बाजूला कुणाची तरी पिशवी आहे. आपण विचारतो, ‘इथं कुणी बसलंय का?’ इंग्रजीत हा प्रश्न चार शब्दांचा आहे: ‘इज धिस सीट टेकन?’ उत्तर ‘यस, इट्स टेकन’ असं आलं तर पुढं सरकायचं. हे वाक्य विमानतळावर, ग्रंथालयात, कॉफीच्या दुकानात, कुठंही चालतं.

जाता जाता एक गोष्ट सांगते, कारण वर्गात हमखास कुणीतरी विचारतं. आपलं ‘टेकणे’ आणि हे ‘टेक’ यांचं काही नातं आहे का? नाही. ‘टेक’ इंग्रजीत बाहेरून आलेलं आहे. जुन्या इंग्रजीत ‘घेणे’साठी ‘निमान’ हा शब्द होता. जर्मनमध्ये त्याचा भाऊबंद ‘नेहमेन’ आजही रोज वापरात आहे. 793 साली इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर व्हायकिंगांनी, म्हणजे उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लोकांनी, धाड घातली. पुढं ते लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात शेती करून स्थायिक झाले, तिथं नांदले, आणि त्यांच्या नॉर्स भाषेतला ‘टाका’ हळूहळू घरोघरचा झाला. काही शतकांत ‘निमान’ मावळलं. त्याची एक खूण मात्र राहिली आहे: ‘नम’, म्हणजे बधिर. मूळ अर्थ ‘घेतलेला’, ज्याच्यातली संवेदना हिरावून घेतली आहे असा. दातांच्या डॉक्टरांकडे इंजेक्शन घेतल्यावर गाल ‘नम’ होतो, तेव्हा तो हजार वर्षांपूर्वीचा ‘घेणे’ आपल्या तोंडात असतो. मला याचं फार अप्रूप वाटतं.

पायरी दुसरी: जिथं ‘घेणे’ आणि ‘टेक’ हातात हात घालून चालतात

आधी सोपा भाग. वहीच्या डाव्या पानावर लिहा: औषध घेणे, श्वास घेणे, निर्णय घेणे, भाग घेणे, काळजी घेणे, जबाबदारी घेणे, सूड घेणे, रजा घेणे, त्रास घेणे. या सगळ्यांना इंग्रजीत ‘टेक’ चालतं. ‘टेक युवर मेडिसिन’, ‘टेक अ डीप ब्रेथ’, ‘टेक पार्ट इन’, ‘टेक केअर’, ‘टेक रिव्हेंज’. पाहुणे काहीतरी घेऊन आले की आपण म्हणतो, ‘कशाला एवढा त्रास घेतलात?’ तिथं ‘व्हाय डिड यू टेक द ट्रबल?’ म्हटलेलं इंग्रजीतही शोभतं.

रिक्षावाल्या काकांना सगळ्यात आधी आवडलं ते रस्त्याचं इंग्रजी. ‘पुढून लेफ्ट घ्या’ आपण बोलतोच. इंग्रजीत त्याला फक्त एक ‘अ’ लागतो: ‘टेक अ लेफ्ट.’ दुसऱ्या गल्लीत वळायचं असेल तर ‘टेक द सेकंड लेफ्ट’. त्यांनी पहिल्या आठवड्यात हे दोन वाक्प्रयोग उचलले आणि मग वर्गात एकही दिवस खाडा केला नाही.

‘मनावर घेणे’ मात्र जरा थांबून पाहायला हवं. ‘तिचं बोलणं मनावर घेऊ नकोस’ इथं ‘डोन्ट टेक इट टू हार्ट’ चपखल बसतं. पण ‘त्यानं मनावर घेतलं तर तो पास होईल’ इथं मराठीचा अर्थ बदलला, आता तो निश्चयाचा झाला. तिथं ‘टेक’ कामाचं नाही. ‘इफ ही सेट्स हिज माइंड टू इट’ असं म्हणावं लागतं. शब्द एकच, पण आपण त्यातून दोन वेगळ्या गोष्टी बोलत असतो हे बहुतेकांना इथं पहिल्यांदा जाणवतं.

पायरी तिसरी: जिथं ‘घेणे’ला ‘टेक’ अजिबात लावायचं नाही

आता उजवं पान. माझ्या मते या लेखातलं सगळ्यात उपयोगी पान हेच, कारण इथल्या चुका ऐकणाऱ्याला चुका वाटत नाहीत, त्याला भलताच अर्थ लागतो.

‘मी नवीन मोबाईल घेतला.’ दुकानातला मुलगा म्हणाला, ‘आय टुक अ न्यू मोबाईल.’ ऐकणाऱ्याला वाटेल, कुठून तरी उचलून आणला. आपलं ‘घेणे’ बाजारात गेलं की ‘विकत घेणे’ होतं, ‘विकत’ न म्हणता कळतं. ‘टेक’ला तो अर्थ आपोआप येत नाही. मोबाईल, साडी, फ्लॅट, भाजी, सगळ्याला ‘बॉट’. भाड्यानं घेतलं तर ‘रेंटेड’. उसने घेतले तर ‘बॉरोड’. शेजारणीकडून वाटीभर साखर घेतली, परत द्यायची आहे, तर ‘आय बॉरोड सम शुगर’. नुसतं ‘टुक’ म्हटलं तर न विचारता घेतल्यासारखं होईल.

‘शिक्षण घेतलं’ याचं ‘आय टुक माय एज्युकेशन इन सातारा’ करू नका. ‘आय स्टडीड इन सातारा’ म्हणा. ‘कॉलेजात ॲडमिशन घेतली’ याचं ‘आय टुक ॲडमिशन’ भारतात सगळीकडे चालतं आणि इथं कुणी हसणार नाही. बाहेर जाणार असाल तर ‘आय गॉट इनटू’ किंवा ‘आय जॉइन्ड’ म्हणायची सवय लावा.

‘टेन्शन घेऊ नकोस’ हे तर आपलं दिवसातून दहा वेळा बोलायचं वाक्य. ‘डोन्ट टेक टेन्शन’ म्हटल्यावर परक्या माणसाला शब्द कळतात आणि वाक्य कळत नाही. ‘डोन्ट वरी’ पुरे.

‘चहा घेणार का?’ ‘विल यू टेक टी?’ हे समजतं, पण जुन्या वळणाचं वाटतं. ‘विल यू हॅव सम टी?’ म्हणा. ‘त्यानं माझं नाव घेतलं’ इथं ‘ही मेन्शन्ड माय नेम’. उखाण्यातलं नाव घेणं मात्र कुठल्याच इंग्रजी क्रियापदात मावत नाही. ते थोडं समजावूनच सांगावं लागतं, आणि सांगावं.

आणि मी वर सुरुवातीलाच लिहिलं, ‘वर्ग घेते’. ब्रिटिश इंग्रजीत शिक्षिका ‘आय टेक अ क्लास’ म्हणू शकते, पण अमेरिकेत त्याचा अर्थ ‘मी वर्गाला जाते, शिकते’ असा होतो. म्हणून सरळ ‘आय टीच अ क्लास’.

एक शेवटचा गट उरला. ‘जेवून घे’, ‘वाचून घे’, ‘आवरून घे’, ‘करून घेतलं’. या ‘घे’चा हाताशी काही संबंध नाही. आपल्यापुरतं, वेळेत उरकून टाक असा त्यात जिव्हाळा आहे. आई ‘जेवून घे’ म्हणते आणि ‘जेव’ म्हणते यांतला फरक आपल्याला कळतो, इंग्रजीला त्यासाठी शब्द नाही. तिथं ‘टेक’ घुसवू नका. ‘ईट समथिंग बिफोर यू गो’ असं काहीतरी वेगळं वाक्य करावं लागतं.

पायरी चौथी: ‘नेणे’

वर्गातल्या आजींनी एकदा सांगितलं, ‘आय कॅरीड माय हजबंड टू द हॉस्पिटल.’ आजोबा शेजारीच बसले होते, चांगले सहा फूट. ‘कॅरी’ म्हणजे उचलून नेणं. माणसाला सोबत नेलं, पोचवलं, तर ‘टेक’: ‘आय टुक माय हजबंड टू द हॉस्पिटल.’

मराठीत आणणे आणि नेणे ही जोडी आहे, इंग्रजीत ‘ब्रिंग’ आणि ‘टेक’ ही. नशिबानं इथं दोन्ही भाषा जवळजवळ एकाच दिशेनं पाहतात. बोलणाऱ्याकडे किंवा ऐकणाऱ्याकडे येत असेल तर आणणे, ‘ब्रिंग’. दुसरीकडे जात असेल तर नेणे, ‘टेक’. ‘येताना दूध आण’ म्हणजे ‘ब्रिंग सम मिल्क’. ‘जाताना छत्री ने’ म्हणजे ‘टेक ॲन अम्ब्रेला’. मनात ‘आण’ आलं की ब्रिंग, ‘ने’ आलं की टेक. ‘घेऊन ये’ आणि ‘घेऊन जा’ यांनाही हेच लागू. यावर फार वेळ घालवायची गरज नाही.

गाडी पकडणंही याच घरातलं. ‘मी बसनं जाते’ याला ‘आय गो बाय बस’ ठीक आहे, पण ‘आय टेक द बस’ जास्त सहज येतं.

पायरी पाचवी: ‘लागणे’

पुण्याला जायला किती वेळ लागतो? वर्गात याची तीन उत्तरं आली: ‘हाउ मच टाइम इट टेक्स?’, ‘हाउ मच टाइम इज टेकिंग?’, ‘हाउ मच टाइम विल लागेल?’ तिसरं उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावर खरी धडपड होती, आणि ती मला पटली, कारण अडचण खरीच आहे. मराठीत ‘वेळ लागतो’ म्हणताना वेळ हाच कर्ता आहे. तो आपणहून लागतो, भूक लागते तसा. इंग्रजीत तसं करता येत नाही, वाक्याच्या तोंडाशी कुणीतरी उभं करावं लागतं. म्हणून ते एक नावापुरतं ‘इट’ आणून ठेवतात.

साचा असा: इट टेक्स, मग माणूस, मग वेळ, मग टू आणि काम. ‘मला कामावर पोचायला अर्धा तास लागतो’ म्हणजे ‘इट टेक्स मी हाफ ॲन अवर टू रीच वर्क.’ ‘तिला फॉर्म भरायला दोन दिवस लागले’ म्हणजे ‘इट टुक हर टू डेज टू फिल इन द फॉर्म.’ माणूस सांगायचा नसेल तर तेवढा शब्द गाळा. प्रश्न करताना ‘हाउ लाँग डज इट टेक?’ हे पाच शब्द एका दमात म्हणायचे, मध्ये श्वास नको. मी वर्गात प्रत्येकाला त्याच्या रोजच्या दिनक्रमावरची सहा वाक्यं करायला लावते: चहा करायला, केस विंचरायला, भाजी निवडायला किती वेळ लागतो. मोठे शब्द नकोत. स्वतःच्या सकाळीत हे वाक्य एकदा बसलं की जात नाही.

वेळेपलीकडेही ‘लागणे’ आणि ‘टेक’ यांचं जमतं. ‘याला हिंमत लागते’ म्हणजे ‘इट टेक्स करेज.’ ‘तुम्हाला चहात साखर लागते का?’ म्हणजे ‘डू यू टेक शुगर?’ चहा ‘हॅव’ करायचा पण साखर ‘टेक’ करायची हे वर्गाला विचित्र वाटलं होतं. ‘लागते का’ हे शब्द आठवले की मग वाटत नाही.

सगळं ‘लागणे’ मात्र इथं आणू नका. भूक, तहान, ठेच, आग, वेड, सवय, पत्ता लागणे यांतलं काहीही ‘टेक’नं होत नाही.

‘टेक युवर टाइम’ हे वाक्य वेगळं लक्षात ठेवा. ‘सावकाश होऊ द्या, घाई नाही’ असा त्याचा साधा, प्रेमळ अर्थ आहे. मुलाखतीत कुणी असं म्हटलं तर घाबरू नका, ते तुम्हाला सवड देत असतात.

पायरी सहावी: ‘काढणे’, आणि थोडं ‘करणे’

अजिंठ्याला सहलीला गेलेल्या आमच्या वर्गातल्या एका ताईंनी परदेशी पाहुण्याला फोन पुढं करून म्हटलं, ‘प्लीज रिमूव्ह अवर फोटो.’ त्या माणसानं फोन घेतला, गॅलरी उघडली, आणि कुठला फोटो पुसायचा ते विचारलं. ‘काढणे’ला शाळेत ‘रिमूव्ह’ शिकवलेलं असतं आणि फोटो तर आपण काढतोच. म्हणायचं होतं, ‘कुड यू टेक अ फोटो ऑफ अस?’ हे वाक्य जसंच्या तसं पाठ करा. ‘ऑफ अस’ विसरलात तर समोरचा गुंफेचाच फोटो काढून देईल.

फोटोसारखंच डुलकी काढणे, ‘टेक अ नॅप’. कर्ज काढणे, ‘टेक आउट अ लोन’. पैसे बँकेतून काढायला मात्र ‘विथड्रॉ’, चित्र काढायला ‘ड्रॉ’, दिवस काढायला दोन्ही नाही.

नर्स असाल, किंवा परदेशी जाण्यासाठीच्या आयईएलटीएस, ओईटी या इंग्रजीच्या परीक्षांची तयारी करत असाल, तर हा भाग वेगळ्या पानावर उतरवा. दवाखान्यात ‘टेक’ रात्रंदिवस चालतं आणि मराठीत प्रत्येक ठिकाणी वेगळं क्रियापद येतं. ताप बघणे, ‘टेक द टेंपरेचर’. नाडी पाहणे, ‘टेक द पल्स’. बीपी मोजणे, ‘टेक द ब्लड प्रेशर’. तपासणीसाठी रक्त काढणे, ‘टेक ब्लड’ किंवा ‘टेक अ ब्लड सॅम्पल’. आधीच्या आजारांची माहिती विचारून लिहिणे, ‘टेक अ हिस्टरी’. टाके काढणे, ‘टेक द स्टिचेस आउट’. पाहणे, मोजणे, काढणे, विचारणे अशी चार कामं आणि इंग्रजीत क्रियापद एकच. रुग्णाशी बोलताना त्याआधी ‘आय अ‍ॅम जस्ट गोइंग टु’ जोडा: ‘आय अ‍ॅम जस्ट गोइंग टु टेक युवर टेंपरेचर.’ म्हणजे ‘जरा ताप बघते हं’ यातला ‘जरा’ आणि ‘हं’ दोन्ही त्यात येतात.

‘करणे’बद्दल थोडक्यात. आंघोळ करणे अमेरिकेत ‘टेक अ शॉवर’, ब्रिटनमध्ये जास्त करून ‘हॅव अ शॉवर’. दोन्हीकडे दोन्ही कळतं, अडून बसू नका. हॉटेलातून जेवण बांधून नेताना आपण ‘पार्सल’ म्हणतो. बाहेर गेल्यावर पार्सल म्हणजे टपालाचं. ब्रिटनमध्ये ‘टेकअवे’ आणि अमेरिकेत ‘टेकआउट’ किंवा ‘टू गो’ म्हटलं की डबा हातात येईल.

पायरी सातवी: मागं लागणारे छोटे शब्द

ऑफ, ऑन, बॅक, आफ्टर, अप, ओव्हर. यातला एक ‘टेक’च्या मागे आला की अर्थच बदलतो, आणि नवशिके इथं हात टेकतात. मी सांगते, घाबरण्याआधी आपली मराठी बघा. ‘घेणे’च्या आधी आपणही असेच छोटे शब्द लावतो: अंगावर घेणे, मागे घेणे, आत घेणे, वर घेणे, हाती घेणे. आपले पुढं लागतात, त्यांचे मागं.

‘टेक ऑन’ म्हणजे अंगावर घेणे: ‘शी टेक्स ऑन टू मच वर्क’, ती फार कामं अंगावर घेते. ‘टेक बॅक’ म्हणजे मागे घेणे: ‘आय टेक बॅक माय वर्ड्स’, मी माझे शब्द मागे घेतो. ‘टेक डाउन’ म्हणजे उतरवून घेणे: नंबर, पत्ता, टिपणं. ‘टेक ओव्हर’ म्हणजे ताब्यात घेणे किंवा सूत्रं हाती घेणे. ‘टेक समवन फॉर ग्रँटेड’ म्हणजे गृहीत धरणे, ही जोडी इतकी जुळते की संसारावरच्या गप्पांत ती वर्गानं लगेच उचलली.

‘टेक आफ्टर’वर माझं विशेष प्रेम आहे. ‘ती आईच्या वळणावर गेलीय’ असं आपण म्हणतो, ‘आईवर गेलीय’ म्हणतो. इंग्रजीत ‘शी टेक्स आफ्टर हर मदर.’ दोन्ही भाषांत मूल आईच्या मागून चाललेलं दिसतं. मात्र हे घरातल्या, रक्ताच्या मोठ्या माणसांबद्दलच बोलायचं, आई, बाबा, आजी, मामा. मैत्रिणीसारखी दिसते म्हणून ‘टेक्स आफ्टर हर फ्रेंड’ होत नाही.

‘टेक ऑफ’चे अर्थ तीन. चपला, स्वेटर, चष्मा काढणे. विमान उडणे, आणि त्यावरून धंदा जोरात सुरू होणे. तिसरा सुट्टीचा, पण तिथं दोन शब्दांच्या मध्ये दिवस घालतात: ‘टेक टू डेज ऑफ’, दोन दिवस रजा टाकणे. विमानाबद्दल एक आठवण-खूण सांगते. ते ‘टेक ऑफ’ करून उडतं आणि आपल्या मराठीत धावपट्टीवर टेकतं. नातं नसलेले दोन शब्द प्रवासाच्या दोन टोकांना उभे आहेत.

इथं एकच नियम पक्का करा. चपला, नंबर, शब्द अशा वस्तूचं नाव मध्येही चालतं, शेवटीही: ‘टेक ऑफ युवर शूज’, ‘टेक युवर शूज ऑफ’. पण नावाऐवजी ‘इट’ किंवा ‘देम’ आलं की ते मध्येच जायला हवं: ‘टेक देम ऑफ’. ‘टेक ऑफ देम’ असं कधीच नाही. ‘टेक आफ्टर’ मात्र फोडायचं नाही: ‘शी टेक्स आफ्टर हर.’

आणखी पंचवीस-तीस जोड्या आहेत. त्या एकदम पाठ करू नका. ज्या दिवशी एखादी कानावर पडेल त्या दिवशी ती त्या पूर्ण वाक्यासकट वहीत लिहा, सुटा शब्द लिहू नका.

पायरी आठवी: पंधरा दिवसांचा सराव

पहिले पाच दिवस फक्त उजवं पान, म्हणजे जिथं ‘टेक’ लागत नाही ते. मराठीत ‘घेतला’ बोललात की क्षणभर थांबून मनात विचारा: विकत, उसना, भाड्यानं, की खरंच हातात? पुढचे पाच दिवस ‘इट टेक्स’चा साचा, रोज सहा वाक्यं, मोठ्यानं. शेवटचे पाच दिवस ‘काढणे’ आणि छोटे शब्द. घरात कुणी ऐकणारं नसेल तर फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी नको. शिळं झालं की चूक लवकर ऐकू येते.

आता ही आठ वाक्यं इंग्रजीत करून बघा. उत्तरं खाली आहेत, पण आधी तोंडानं बोला.

1. आम्ही कोल्हापूरला फ्लॅट घेतला.
2. आजीला देवळात ने.
3. मला पोळ्या करायला एक तास लागतो.
4. आमचा फोटो काढता का?
5. तो आजोबांच्या वळणावर गेलाय.
6. तिचं बोलणं मनावर घेऊ नका.
7. चष्मा काढ. तो काढ म्हटलं ना!
8. मी मार्चमध्ये परीक्षा दिली.

पहिल्यात ‘टेक’ नाही: ‘वी बॉट अ फ्लॅट इन कोल्हापूर.’ दुसरं, ‘टेक आजी टू द टेंपल’. आजीला ‘ग्रँडमदर’ करायची काही गरज नाही. तिसरं, ‘इट टेक्स मी ॲन अवर टू मेक पोळीज.’ चौथं, ‘कुड यू टेक अ फोटो ऑफ अस?’ पाचवं, ‘ही टेक्स आफ्टर हिज ग्रँडफादर.’ सहावं, ‘डोन्ट टेक इट टू हार्ट.’ सातवं, ‘टेक ऑफ युवर ग्लासेस. टेक देम ऑफ!’ चष्मा इंग्रजीत अनेकवचनी आहे, म्हणून ‘देम’.

आठव्याचं उत्तर आमच्या नर्स ताईंनी आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवलं आहे: ‘आय टुक माय एक्झाम इन मार्च.’